अक्वीनोकराचा पूर्वपक्ष

‘देव नाही, असं दिसतं.’

हे वाक्य तेराव्या शतकातल्या एका डॉमिनिकन साधूने, थॉमस अक्वायनसने, लिहिलंय, आणि पुढे कॅथलिक चर्चने त्याच साधूला संतपद दिलं. त्याच्या ‘सुम्मा थिओलॉजिए’ या धर्मशास्त्राच्या ग्रंथाचा पहिला भाग, दुसरा प्रश्न, तिसरं कलम उघडा, पहिली ओळ हीच. ‘सुम्मा’ नव्याने हातात घेणाऱ्याची फसगत इथेच होते. ग्रंथात एकूण २६६९ कलमं आहेत आणि जवळजवळ प्रत्येक कलमाची सुरुवात थॉमसला जे म्हणायचंय त्याच्या विरुद्ध बाजूने होते. कुणीतरी एक वाक्य उचलतं, खाली ‘थॉमस अक्वायनस’ असं टाकतं आणि पुढे पाठवतं. ते वाक्य पुष्कळदा थॉमसने खोडण्यासाठी मांडलेलं असतं. हा माणूस वाचायचा तर आधी त्याच्या कलमाची चौकट कळायला हवी, कारण त्याचा विचार त्या चौकटीतच चालतो.

नावाबद्दल दोन शब्द. ‘अक्वायनस’ हे आडनाव नव्हे. रोम आणि नेपल्स यांच्या मधे अक्वीनो नावाचं गाव आहे, त्या परगण्यातल्या सरदार घराण्याचा तो मुलगा. आपल्या हिशेबाने अक्वीनोकर. म्हणून अभ्यासक त्याला नुसतं ‘थॉमस’ म्हणतात आणि त्याच्या परंपरेला ‘थॉमिझम’.

चरित्र थोडक्यात उरकतो, कारण त्यात घडामोडी कमी आणि चालणं फार. जन्म १२२४ किंवा १२२५, रोक्कासेक्काच्या गढीत. पाचेक वर्षांचा असताना घरच्यांनी मोंते कास्सीनोच्या बेनेडिक्टाइन मठात ठेवला. पुढेमागे मठाधिपती होईल, घराण्याचं वजन वाढेल, हा हिशेब. पण नेपल्सच्या विद्यापीठात शिकताना १२४४ मध्ये तो डॉमिनिकन संघात शिरला. हा संघ तेव्हा नवा, भिक्षेवर जगणारा. सरदाराच्या पोराने झोळी घ्यायची हे घरच्यांना मानवेना. भावांनी त्याला वाटेत पकडून आणलं आणि सुमारे वर्षभर घरात कोंडलं. तो बधला नाही. मग पॅरिस, १२४८ पासून कोलोनला आल्बर्ट या डॉमिनिकन गुरूच्या हाताखाली, १२५२ मध्ये परत पॅरिस, १२५६ मध्ये धर्मशास्त्राचा ‘मास्टर’. त्या पदाला ३५ वर्षं पुरी लागत. त्याला ती नव्हती, सूट द्यावी लागली. १२५९ नंतर इटलीत ओर्व्हिएतो आणि रोम, १२६८ ते १२७२ पुन्हा पॅरिस, शेवटी नेपल्स. ७ मार्च १२७४ रोजी फोस्सानोव्हाच्या मठात मृत्यू, वय पन्नाशीच्या आतबाहेर.

आता कलम. देवाच्या अस्तित्वाचंच घेऊ, कारण ते आखूड आहे आणि सगळे अवयव त्यात दिसतात.

मथळा नेहमी ‘उत्रुम’ने सुरू होतो, म्हणजे ‘की नाही’. ‘देव आहे की नाही?’ प्रश्न असाच घडवायचा की उत्तर दोन्ही बाजूंना पडू शकेल. मग ‘विदेतुर’, म्हणजे ‘असं दिसतं की’. इथून आक्षेप सुरू होतात आणि पुढचा प्रत्येक आक्षेप ‘प्रेतेरेआ’, म्हणजे ‘शिवाय’ म्हणून जोडला जातो. ‘सुम्मा’त ते साधारण तीन असतात. या कलमात दोनच आहेत, पण दोन्ही जबरदस्त. पहिला असा: दोन विरुद्ध गोष्टींपैकी एक अनंत असेल तर दुसरीला जागाच उरत नाही, देव म्हणजे अनंत चांगुलपणा, पण जगात वाईट तर आहे, म्हणून देव नाही. दुसरा असा: थोड्या कारणांत काम भागत असेल तर जास्त कारणं मानू नयेत, निसर्गातल्या गोष्टी निसर्गाने उलगडतात, माणसाच्या करणीतल्या माणसाच्या बुद्धीने आणि इच्छेने, मग देव कशाला? आजच्या वादातले नास्तिकांचे दोन बिनीचे मुद्दे हेच आहेत, आणि सातशे वर्षांपूर्वी एका साधूने ते प्रत्येकी तीन-चार ओळींत, कुठलीही खोच न मारता मांडलेत.

मग ‘सेद कोन्त्रा’, ‘पण याउलट’. इथे बहुधा एकच वचन असतं. या कलमात बायबलच्या निर्गम ग्रंथातलं ‘मी आहे तो आहे’. सेद कोन्त्रा म्हणजे थॉमसचं उत्तर असं समजणं ही नवख्यांची दुसरी चूक. तो तराजूच्या दुसऱ्या पारड्यात टाकलेला एक धोंडा असतो, पारडं हलतं ठेवण्यापुरता. वादचर्चांच्या ग्रंथांत तर पाचसहा सेद कोन्त्रा असतात आणि कधीकधी थॉमस त्यांनाही दुरुस्त करतो.

मग ‘रेस्पोन्देओ’, ‘मी उत्तर देतो’. थॉमसचं स्वतःचं म्हणणं इथे. प्रसिद्ध ‘पाच मार्ग’, म्हणजे देव आहे हे दाखवणारे पाच युक्तिवाद, इथेच येतात, आणि पाचही मिळून पुस्तकाची दीडदोन पानंच भरतात. शेवटी ‘आद प्रीमुम’, ‘आद सेकुन्दुम’: पहिल्या आक्षेपाला उत्तर, दुसऱ्याला उत्तर, क्रमाने.

पूर्वमीमांसेतलं अधिकरण ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे ओळखीचं वाटेल: विषय, संशय, पूर्वपक्ष, सिद्धान्त, संगती. दोन परंपरांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. वाद घालून शिकवायचं ठरवलं की चौकट अशीच पडत असावी. फरक एक आहे आणि तो महत्त्वाचा. थॉमस सिद्धान्त सांगून थांबत नाही, मागे फिरून एकेका आक्षेपाला वेगळं उत्तर देतो. आणि ते उत्तर ‘हे चूक’ असं क्वचित असतं. बहुतेक वेळा तो म्हणतो, या शब्दाचे दोन अर्थ होतात. एका अर्थी तू म्हणतोस ते बरोबर, दुसऱ्या अर्थी नाही. म्हणून वाचायचा एक जुना आणि उपयोगी क्रम असा: मथळा वाचा, सरळ रेस्पोन्देओवर जा, मग पहिला आक्षेप आणि त्याचं उत्तर जोडीने, मग दुसरा आणि त्याचं. वरून खाली सरळ वाचलं तर उत्तरापर्यंत येईतो आक्षेप डोक्यातून निसटलेला असतो.

हवाला द्यायची पद्धतही या अवयवांवरच बेतलेली आहे: भाग, प्रश्न, कलम, आणि आक्षेपाला दिलेलं उत्तर असेल तर ‘आद’ आणि क्रमांक. पानाचा आकडा कुणी देत नाही, कारण आवृत्तीगणिक पान बदलतं. पहिल्या भागात ११९ प्रश्न. दुसरा भाग इतका मोठा की त्याचेच दोन केले: पूर्वार्धात ११४, उत्तरार्धात १८९. तिसऱ्यात ९०. कुणी नुसतं ‘सुम्मामध्ये म्हटलंय’ असं लिहिलं आणि हा पत्ता दिला नाही, तर ते वाक्य त्याने स्वतः पाहिलेलं नाही असं धरायला हरकत नाही.

टोपणनावांची एक किल्लीही जवळ ठेवावी लागते. ‘तत्त्वज्ञ’ म्हटलं की ॲरिस्टॉटल. ‘भाष्यकार’ म्हणजे कोर्दोव्हाचा इब्न रुश्द. ‘प्रेषित’ म्हणजे पौल. ‘मास्टर’ म्हणजे पीटर लोम्बार्ड, ज्याचं ‘वाक्यसंग्रह’ हे पाठ्यपुस्तक प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवून दाखवावं लागे. ‘रब्बी मोझेस’ म्हणजे मायमोनिडीस. एक मुसलमान, एक ज्यू आणि एक ग्रीक, तिघेही ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या पानावर साक्षीला; १२१० आणि १२१५ मध्ये याच पॅरिसात ॲरिस्टॉटलच्या निसर्गविषयक ग्रंथांवर शिकवण्याची बंदी आली होती, हे लक्षात घेतलं की यातलं धाडस कळतं. १२५५ पर्यंत चित्र उलटलं आणि तेच ग्रंथ कलाशाखेत सक्तीचे झाले. थॉमस त्याच्या पुढच्याच वर्षी मास्टर झाला.

वचनांचा एवढा भरणा पाहून हा ‘बाबावाक्यं प्रमाणम्’चा कारभार वाटतो. पण पहिल्याच प्रश्नाच्या आठव्या कलमात, दुसऱ्या आक्षेपाच्या उत्तरात, त्याने लिहून ठेवलंय: माणसाच्या बुद्धीवर उभा असलेला आप्तवचनाचा पुरावा सगळ्यांत दुबळा. ईश्वरी साक्षात्कारावर उभं असलेलं वचन मात्र त्याच्या लेखी सगळ्यांत बळकट. हा दुसरा अर्धा गाळून पहिलाच मिरवणारे आधुनिक चाहतेही आहेत, म्हणून दोन्ही सांगितले.

ही चौकट आली वर्गातून. विद्यापीठात मास्टरची तीन कामं असत: वाचन, वाद, प्रवचन. वादाच्या दिवशी बाकीचे वर्ग बंद. मास्टर विषय जाहीर करी, श्रोते आक्षेप घेत आणि त्यांना तोंड द्यायला मास्टरचा सहायक, बॅचलर, उभा राही. मास्टर ऐकत बसे. पुढच्या मोकळ्या दिवशी मास्टर स्वतः आक्षेपांची मांडणी लावून निर्णय देई. त्याला ‘देतेर्मिनात्सिओ’ म्हणत. थॉमसच्या ‘सत्याविषयी’ या वादग्रंथात अशी २५३ कलमं आहेत आणि तिथे एकेका कलमाला दहा-दहा, वीस-वीस आक्षेप आढळतात. शिवाय वर्षातून दोनदा, नाताळाआधी आणि ईस्टरआधी, ‘क्वोदलिबेत’ होई: कुणीही उठावं, काहीही विचारावं. सगळे मास्टर या फंदात पडत नसत. थॉमस पडला, वारंवार.

छापील वादग्रंथ म्हणजे त्या दिवसाचं टिपण नव्हे, हे मात्र ध्यानात ठेवायचं. मास्टर नंतर निवांत बसून आक्षेप निवडी, क्रम बदली, धार लावी. ‘सुम्मा’त तर प्रत्यक्ष वाद झालेलाच नाही, ती नवशिक्यांसाठी लिहिलेली आहे आणि चौकट तेवढी उसनी घेतलीय. प्रस्तावनेत तो चालू पाठ्यपुस्तकांबद्दल तीन तक्रारी करतो: निरुपयोगी प्रश्नांची गर्दी, शिकण्याच्या क्रमाऐवजी भाष्य करायच्या पोथीचा क्रम, आणि तेच ते पुन्हा सांगून आणलेला कंटाळा. वीस आक्षेपांचे तीन झाले ते म्हणून.

त्याच्या लिखाणाचं भौतिक अंगही पाहण्यासारखं आहे. थॉमसचं अक्षर इतकं गिचमिड की जुन्या यादीकारांनी त्याला ‘न कळणारं अक्षर’ असंच नाव दिलं. काही पानं व्हॅटिकनच्या ग्रंथालयात आहेत आणि ती वाचणं हे आजही मोजक्या तज्ज्ञांचंच काम आहे. त्यामुळे तो सांगे आणि लेखनिक उतरवून घेत. त्याच्या संतपदाच्या चौकशीत साक्ष आहे की एकाच वेळी तीन, कधी चार लेखनिकांना तो वेगवेगळे विषय सांगे.

पुढे प्रती कशा निघत? पॅरिसमध्ये विद्यापीठाच्या देखरेखीखालचे पुस्तकवाले असत. तपासलेली मूळ प्रत ते न बांधता सुट्ट्या जुडग्यांत ठेवत. अशा एका जुडग्याला ‘पेचिआ’ म्हणत, साधारण चार पानांचं, म्हणजे आठ बाजूंचं. भाडं विद्यापीठाने ठरवून दिलेलं. नकलाकाराने एक जुडगं न्यायचं, उतरवायचं, परत करायचं, पुढचं न्यायचं. एका ग्रंथाच्या एकाच वेळी कितीतरी नकला चालू राहत. घोटाळा व्हायचा तो पुढचं जुडगं दुसऱ्याकडे गेलेलं असलं की. मग नकलाकार अंदाजाने जागा सोडून त्याच्या पुढचं उतरवी. जागा कमी पडली की अक्षर दाटीवाटीचं, जास्त उरली की कोरी पट्टी. शिवाय जुडगं फाटलं की त्याच्या जागी दुसऱ्या प्रतीतलं येई, आणि एकाच पोथीत दोन वंशांचा पाठ मिसळे. म्हणून थॉमसच्या संशोधित आवृत्तीचे संपादक हस्तलिखिताला एकच वंश आहे असं धरत नाहीत. समासातल्या पेचिआच्या खुणा शोधून जुडग्याजुडग्याचा वंश लावतात. ही लिओनिन आवृत्ती १८८२ पासून निघतेय आणि अजून पुरी झालेली नाही.

परत पाच मार्गांकडे. पहिला मार्ग असा: जगात काही गोष्टी बदलताना दिसतात, जे बदलतं ते दुसऱ्या कशामुळे तरी बदलतं (लाकूड स्वतःहून तापत नाही, आधीच तापलेला विस्तव त्याला तापवतो), ही साखळी अनंत मागे नेता येत नाही, म्हणून स्वतः न बदलता बदलवणारं पहिलं काहीतरी आहे. यावर ठरलेला टोला असा की ‘प्रत्येक गोष्टीला कारण असतं तर देवाला कोणी केलं?’ पण ‘प्रत्येक गोष्टीला कारण असतं’ हे वाक्य या कलमात नाहीच. तो म्हणतो, जे बदलतं त्याला बदलवणारं दुसरं लागतं. टोला लागायचा तर त्या वाक्याला लागला पाहिजे.

याहून मोठी गफलत ‘पहिलं’ या शब्दाची. वाचणाऱ्याला वाटतं थॉमस काळात मागे चाललाय: आज, काल, आजोबा, पणजोबा, आणि सुरुवातीला देव. याचा खुलासा त्याच भागाच्या ४६व्या प्रश्नाच्या दुसऱ्या कलमात, सातव्या आक्षेपाच्या उत्तरात आहे. एक कारागीर हातोड्याने काम करतोय. हातोडा मोडला, दुसरा घेतला. तो मोडला, तिसरा घेतला. अशी हातोड्यांची रांग अनंत असायला थॉमसची हरकत नाही, कारण तिसऱ्या हातोड्याला ठोकायला पहिल्या हातोड्याची गरज नसते. बापलेकांचंही तसंच: मुलाला मूल होताना आजोबा हयात असण्याचं कारण नाही. त्याला चालत नाही ती वेगळी साखळी: हात काठीला हलवतो, काठी दगडाला हलवते. हात थांबला की त्याच क्षणी काठी थांबते, दगडही. इथे मधली कडी स्वतःचं काही आणत नाही, मिळालेलं पुढे देते. काठी कितीही लांब केली तरी हाताची उणीव भरून निघत नाही. थॉमसचं ‘पहिलं’ म्हणजे या अर्थी पहिलं, आत्ता, या क्षणाला.

म्हणूनच तो बेधडक म्हणतो की जगाला सुरुवात आहे हे बुद्धीने सिद्ध करता येत नाही. तो श्रद्धेचा विषय आहे. त्याच्या काळातल्या कित्येक धर्मपंडितांना हे बोचलं. १२७०च्या सुमाराला त्याने यावर वेगळी पुस्तिका लिहिली. कच्ची प्रमाणं पुढे केली की विरोधकांना हसायला आयतं कारण मिळतं, हे ४६व्या प्रश्नातच त्याने बजावलंय.

पाच मार्ग बिनचूक आहेत असं मात्र नाही. तिसऱ्यात खरी फट आहे. ‘जे जे नष्ट होऊ शकतं ते कधीतरी नसतंच, सगळंच तसं असतं तर कधीतरी काहीच नव्हतं.’ वर्गातलं प्रत्येक पोर वर्षातून एकदा तरी दांडी मारतं, म्हणून अख्खा वर्ग एका दिवशी रिकामा होता असं ठरत नाही. थॉमसची बाजू घेणारे या वाक्याला टेकू देतात, पण टेकू बाहेरून आणावा लागतो. आणि पाचांचा निष्कर्षही लोक समजतात त्याहून लहान आहे. देव एकच आहे, हे इथे सिद्ध झालेलं नसतं. त्यासाठी ११व्या प्रश्नापर्यंत थांबावं लागतं.

मधे ३ऱ्या प्रश्नाच्या तोंडाला वाक्य येतं की देव काय आहे हे आपल्याला कळू शकत नाही, काय नाही एवढंच कळतं. मराठी वाचक लगेच ‘नेति नेति’ म्हणून मान डोलावतो. थोडं थांबावं. १३व्या प्रश्नात तो मायमोनिडीसशी याच मुद्द्यावर भांडतो: ‘देव चांगला आहे’ याचा अर्थ नुसता ‘देव वाईट नाही’ एवढाच असता, तर लोकांना म्हणायचं असतं ते त्यात येत नाही. शब्द देवाला खरोखर लागू पडतो, फक्त माणसाला लागू पडतो तसा नव्हे.

तत्त्वचर्चा जड वाटत असेल त्याने ‘सुम्मा’ दुसऱ्या भागाच्या उत्तरार्धातून, ७७व्या प्रश्नापासून उघडावी. विषय: खरेदीविक्रीतली फसवणूक. तिसऱ्या कलमात विचारलंय, विकणाऱ्याने मालातला दोष सांगायलाच हवा का? रेस्पोन्देओ म्हणतो, दोष लपलेला असेल आणि त्याने घेणाऱ्याचं नुकसान किंवा घात होणार असेल तर सांगायलाच हवा: लंगडा घोडा पळणारा म्हणून, मोडकळलेलं घर भक्कम म्हणून, कुजकं अन्न चांगलं म्हणून विकणं पाप. पण दोष उघड असेल, घोडा एकाक्ष असेल, आणि किंमत त्या मानाने उतरवली असेल, तर तोंडाने सांगायची सक्ती नाही. आक्षेप येतो: मग काय ‘रोगट घर विकणे आहे’ अशी दवंडी पिटायची? उत्तर: दवंडी नको, गिऱ्हाईक पळेल आणि मालातले गुण कळणारच नाहीत, जो घ्यायला येईल त्याला एकट्याला सांगा.

चौथा आक्षेप तर बाजार समितीच्या आवारात मांडावा असा. एक व्यापारी धान्य घेऊन महागाई असलेल्या गावी पोचलाय. मागून आणखी व्यापारी धान्य घेऊन येताहेत हे त्याला ठाऊक आहे, गावाला नाही. सांगितलं तर भाव पडेल. सांगायला तो बांधील आहे का? आक्षेप घेणारा म्हणतो, इथे बांधील नाही, मग दोष सांगायलाही का असावा? थॉमस दोन्ही प्रकरणं वेगळी करतो. दोषाने माल आत्ताच कमी किमतीचा असतो. धान्याची किंमत मात्र पुढे उतरणार असते, आत्ता नाही; चालू भावाने विकणारा न्याय मोडत नाही. आणि लगेच जोडतो: त्याने सांगितलं किंवा भाव थोडा उतरवला तर ते अधिक सद्गुणाचं होईल, पण न्याय त्याला तेवढं मागत नाही. ‘करायलाच हवं’ आणि ‘केलं तर थोर’ यांच्यातली रेघ त्याने इतकी नेमकी ओढलीय की हे कलम अर्थशास्त्राच्या इतिहासात पुन्हा पुन्हा का येतं ते उमगतं.

आता एक अवघड कलम, कारण चौकट समजली म्हणून थॉमस दरवेळी सुटतो असं नाही. पहिला भाग, ९२वा प्रश्न, पहिलं कलम: स्त्री निर्माण व्हायला हवी होती का? ‘स्त्री म्हणजे फसलेला पुरुष’ हे कुप्रसिद्ध वाक्य इथलंच. ते पहिल्या आक्षेपात आहे, ॲरिस्टॉटलच्या नावावर. थॉमसचे वकील एवढंच दाखवून खटला जिंकल्याच्या थाटात बसतात. उत्तर पूर्ण वाचलं तर तो म्हणतो, एकेका गर्भाचा विचार केला तर हे खरं आहे; बीजाची शक्ती कमी पडणं, द्रव्याची घडण, किंवा दमट दक्षिणवारा अशी कारणं असतात. सबंध निसर्गाच्या हेतूने पाहिलं तर मात्र स्त्री फसलेली नाही, निसर्गालाच ती हवी आहे. म्हणजे अर्ध मान्य, अर्ध अमान्य. आणि दुसऱ्या आक्षेपाच्या उत्तरात, पुरुषात विवेक अधिक म्हणून स्त्री स्वभावतः त्याच्या अधीन, हे तो स्वतःच्या नावावर लिहितो. वाक्य आक्षेपातलं आहे हे सांगून इथे सुटका नाही.

सुईच्या टोकावर किती देवदूत नाचतात, हा प्रश्न मात्र ‘सुम्मा’त शोधून सापडणार नाही. आहे तो ५२व्या प्रश्नाचं तिसरं कलम: अनेक देवदूत एकाच जागी एकदम असू शकतात का? उत्तर आहे, नाही.

थॉमस जिवंतपणी सर्वमान्य वगैरे नव्हता. त्याच्या मृत्यूला बरोबर तीन वर्षं झाली त्या दिवशी, ७ मार्च १२७७ला, पॅरिसचा बिशप एतिएन तांपिए याने २१९ विधानं निषिद्ध ठरवली. मुख्य रोख कलाशाखेतल्या कट्टर ॲरिस्टॉटलवाद्यांवर होता, पण काही विधानं थॉमसच्या मतांना भिडणारी होती. १३२३ मध्ये त्याला संत केलं तेव्हाही तो निषेध कागदावर होताच. थॉमसला लागू होईल तेवढा भाग १३२५ मध्ये मागे घेतला गेला. नंतर कधी चढती, कधी उतरती. १८७९ मध्ये पोप तेरावा लिओ याने कॅथलिक शिक्षणाचा पाया म्हणून त्याला पुन्हा पुढे आणलं. याच लिओने १८९३ मध्ये भारतातल्या पाद्रींच्या शिक्षणासाठी श्रीलंकेतल्या कँडीला सेमिनरी काढली; ती १९५५ मध्ये पुण्याला आली आणि नगर रस्त्यावर आजही आहे.

संतपदाच्या चौकशीतली एक गंमत. आजारी थॉमसने मायेन्झाच्या गढीत ताजे हेरिंग मागितले, फ्रान्समध्ये खाल्लेले. इटलीच्या त्या किनाऱ्याला ते मिळत नसत. तेवढ्यात तारल्या घेऊन मासेवाला आला आणि एक पाटी उघडली तर आत हेरिंग. चौकशी करणाऱ्यांनी साक्षीदार साधूला विचारलं, हे हेरिंगच कशावरून? तो म्हणाला, व्हितेर्बोला पोपच्या दरबारात खारवलेले पाहिलेत. चमत्कारावर विश्वास ठेवा न ठेवा, उलटतपासणी चोख होती.

६ डिसेंबर १२७३ला नेपल्समध्ये मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या, वेळी त्याला काहीतरी झालं आणि त्याने लिहिणं सोडलं. सोबती रेजिनाल्डने पुन्हा पुन्हा गळ घातली तेव्हा म्हणाला, मी जे पाहिलं त्यापुढे लिहिलेलं सगळं पेंढा वाटतंय. यावरून त्याने स्वतःचं लिखाण नाकारलं असा निष्कर्ष काढतात. पेंढ्यात दाणा नसतो, पण दाणा पेंढ्याशिवाय उभा राहत नाही, हे शेतीच्या मुलखातल्या माणसाला ठाऊक असणार. शरीर थकलं होतं हेही तितकंच खरं. दोन महिन्यांनी लियोंच्या धर्मसभेला निघाला, वाटेत आडव्या पडलेल्या झाडावर डोकं आदळलं, आणि लियोंला पोचलाच नाही.

‘सुम्मा’ तिसऱ्या भागाच्या ९०व्या प्रश्नाच्या चौथ्या कलमावर थांबते, विषय प्रायश्चित्ताचे प्रकार. छापील पुस्तक मात्र तिथे संपत नाही. पुढे ‘पुरवणी’ येते: शिष्यांनी त्याच्या तरुणपणच्या, विशीच्या अखेरीस लोम्बार्डवर केलेल्या भाष्यातून कापून जोडलेली. चौकट तीच, भाषा तीच, पण माणूस वीस वर्षांनी लहान. मधल्या काळात बदललेली मतं त्यात जुनीच राहिलीत. नरक, पुनरुत्थान, विवाह यांबद्दल ‘सुम्मात असं आहे’ म्हणून फिरणारे उतारे बहुतेक याच पुरवणीतले. ओळखायची खूण सोपी आहे: ९० नंतर पान उलटलं की प्रश्नांचे आकडे पुन्हा १ पासून सुरू होतात.